वाचकांचे प्रश्न : फ्रान्समधली जुनी गावं आणि कॅमेरा

फ्रान्सच्या ग्रामीण भागातली मध्ययुगीन गावं बघायला जाणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी अडलेली दिसते: कुठे जायचं हे पक्कं असतं, तिथे किती वाजता उभं राहायचं हे मात्र ठरवलेलं नसतं. म्हणून खालच्या उत्तरांत दिशा आणि घड्याळ वारंवार येतील.

प्रश्न : कोंक गावच्या चर्चचा प्रसिद्ध कोरीव दरवाजा बघायला जूनमध्ये सकाळी दहाला पोचलो. ऊन लख्ख होतं, पण कोरीवकाम सगळं सावलीत. फोटो सपाट आले. काय चुकलं?

वेळ चुकली. मध्ययुगातली चर्च बहुधा पूर्व-पश्चिम बांधलेली असतात: वेदी पूर्वेला, मुख्य दरवाजा पश्चिमेला. कोंकचं सँत-फुआ, वेझलेचं मेरी मॅग्डालेनचं चर्च, शार्त्रचं कॅथेड्रल, सगळ्यांचे मुख्य दरवाजे ढोबळमानाने पश्चिमेकडे बघतात. सकाळी तिथे ऊन पडणारच नाही. अशा गावात सकाळ गल्ल्यांना आणि चर्चच्या पूर्वेकडच्या अर्धगोल पाठीला द्यावी, दरवाजा दुपारनंतर घ्यावा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. फ्रान्स उन्हाळ्यात आपलं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे ठेवतो. जूनमध्ये नैऋत्य फ्रान्सात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, दोनला थोडा वेळ असताना. २१ जूनच्या सुमारास कोंकमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला येतो तो संध्याकाळी सहानंतर, आणि तेव्हाही तो क्षितिजापासून सुमारे ३५ अंश वर असतो. दरवाज्यावरचा अंतिम न्यायाचा शिल्पपट, म्हणजे जगाच्या शेवटी देव करणार असलेल्या निवाड्याचं ख्रिस्ती चित्रण, भिंतीत खोल बसवलेल्या कमानीखाली आहे. याच आडोशामुळे त्यावरच्या जुन्या रंगाच्या खुणा आजही दिसतात. पण सूर्य उंच असताना तीच कमान वरच्या आकृतींवर सावली टाकते. म्हणून जूनमध्ये साडेसहापासून पुढे तिथे थांबा. गाव अरुंद दरीत आहे, त्यामुळे पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ऊन डोंगराआड जातं. शेवटच्या अर्ध्या तासावर विसंबू नका.

सप्टेंबरच्या शेवटी हिशेब बदलतो. सूर्य दुपारभर नैऋत्येकडून तिरपा येतो, आकृतींच्या कडा उठून दिसतात, आणि जूनपेक्षा दोन-तीन तास आधी काम होतं. आमच्या मते शिल्पांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हाच उत्तम काळ.

उत्तरेकडच्या भिंतींना ऊन मिळतं ते फक्त उन्हाळ्यात, सकाळी साडेनऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर. हिवाळ्यात तिथे जाऊन उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही.

प्रश्न : रोकामादूर आणि ला रोक-गाझाक एकाच दिवशी करायचं आहे. कोणतं आधी?

रोकामादूर आधी. कड्याला चिकटलेल्या त्या गावाचं नेहमी दिसणारं दृश्य पूर्वेकडच्या लोस्पिताले या वस्तीतून मिळतं. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि कडा उजळलेला. दुपारनंतर तोच कॅमेरा उन्हाच्या तोंडावर येतो.

ला रोक-गाझाकचा कडा दक्षिणेकडे बघतो आणि खालून दोर्दोन्य नदी वाहते. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन कड्यावर तिरपं पडतं. त्या वेळी गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी उभं राहा. वारा पडला असेल तर प्रतिबिंबही मिळेल. पाण्यातली प्रतिमा वरच्या दृश्यापेक्षा काळपट येते. वरचा भाग प्रमाण धरून एक्स्पोजर घ्या आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, खालचा अर्धा भाग थोडा उचला, म्हणजे उजळ करा.

प्रश्न : सार्लाची घरं डोळ्यांना मधासारखी सोनेरी दिसली, फोटोत पांढरट आली. कोलोंज-ला-रूजमध्ये उलट झालं, लाल भिंतींवर नुसते डाग. दोन्हीकडे सेटिंग ऑटोच होतं.

दोन्ही बिघाडांची कारणं वेगळी आहेत. सार्लाचा चुनखडक फिकट पिवळा असतो. चौकट भरून एकाच रंगाच्या भिंती आल्या की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, प्रकाशच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा काढून टाकतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनवर अडकवून टाका. संध्याकाळीही बदलू नका, नाहीतर ज्या रंगासाठी तिथे गेलात तोच धुऊन निघेल.

कोलोंजचा वालुकाश्म गडद लाल. उन्हात लाल चॅनेल आधी भरून वाहतो, हिरवा-निळा मात्र मध्यावरच असतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्हींची गोळाबेरीज दाखवतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. मेनूमधून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘न्यूट्रल’ करा, कारण हिस्टोग्राम त्या स्टाइलच्या जेपेगवरून काढलेला असतो. ढगाळ दिवशी हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. कोलोंजसाठी पातळ ढगांचा दिवस राखून ठेवलात तर उत्तम. १९८२मध्ये ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही संघटना जन्मली ती याच गावात. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारची गर्दी गृहीत धरा.

प्रश्न : गल्ल्यांमध्ये मनोरे मागे पडल्यासारखे आणि घरं तिरकी येतात. लेन्सचा दोष आहे का?

नाही. कॅमेरा वर उचलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, म्हणून उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात. इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा, कॅमेरा आडवा-उभा सरळ धरा, उभी चौकट आणि २४ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्या. मनोरा पूर्ण येईल, खाली फरसबंदी जास्त येईल, ती नंतर कापा. मागे सरकायला जागाच नसेल तर थोडं वर बघून घ्या आणि संगणकावर सरळ करा. त्यासाठी चारी बाजूंनी साधारण पाचवा हिस्सा मोकळा सोडा, दुरुस्तीत कडा जातात.

चढाच्या गावांत लोक रस्त्याची रेघ आडवी धरतात आणि घरं कलतात. रस्ता चढाचा आहे, तो चढाचाच दिसू द्या. आडवेपणा तपासायचा तो खिडक्यांच्या उंबऱ्यांवरून. अर्थात लाकडी चौकटींची जुनी घरं खरोखरच वाकलेली असतात. तिथे एका घरावर भरवसा ठेवू नका, दोन-तीन बघा.

मोंपाझिए मात्र वेगळं. १२८४मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वसवलेलं हे बास्तीद, म्हणजे आखून बांधलेलं गाव, सुमारे ४०० बाय २२० मीटरच्या आयतात काटकोनी रस्त्यांवर उभं आहे. मधल्या चौकाभोवती कमानी आहेत. कमानीच्या आत, सावलीत उभं राहून बाहेरचा उजळ चौक चौकटीत घ्या. एक्स्पोजर चौकावर ठेवा, कमान काळी पडली तरी चालेल. घरांमधल्या हातभर रुंद फटींकडेही लक्ष द्या. आग पसरू नये आणि पाणी वाहून जावं म्हणून त्या सोडलेल्या आहेत. फोटोत त्या घ्यायच्या तर ऊन डोक्यावर असताना, म्हणजे तिथल्या घड्याळात दोनच्या आगेमागे.

प्रश्न : रात्री उजळलेलं गाव टिपायचं होतं. साडेदहापर्यंत आकाश उजेडात, आणि नंतर दिवेच गेले!

जूनमध्ये ही अडचण येणारच. दोर्दोन्यच्या भागात तेव्हा सूर्यास्त पावणेदहाच्या सुमारास, आणि आकाश गडद निळं होतं ते सव्वादहाच्या पुढे. वीज वाचवण्यासाठी अनेक लहान गावं रात्री रस्त्यावरचे दिवे बंद करतात, काही तर अकरालाच. त्यामुळे हातात जेमतेम अर्धा तास राहतो. वारसावास्तूंवरच्या रोषणाईलाही २०१८च्या अध्यादेशाने रात्री एकची मर्यादा आहे. मुक्कामाच्या ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी दिव्यांची वेळ विचारा, मालकांना ती ठाऊक असते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे येतात. त्यानंतर सहाच्या आत सूर्यास्त होतो, सव्वासहाला आकाश निळं, दिवे चालू, आणि जेवणाच्या वेळेआधी काम संपलेलं.

सेटिंग : ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, सुरुवात ४ सेकंदांपासून. अंधार वाढेल तसं १० सेकंदांपर्यंत जा. दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा, जुन्या लेन्समध्ये ते उलट हलकी थरथर आणतं. दिव्याभोवतालची भिंत जळत असेल तर दोन स्टॉप कमी करून दुसरा फोटो घ्या आणि नंतर दोन्ही जोडा. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास ठेवला तर दिवेही उबदार राहतात आणि आकाशही निळं.

प्रश्न : चर्चच्या आत फोटो चालतात का? काय सेटिंग ठेवावं?

बहुतेक ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याला हरकत नसते. फ्लॅश आणि ट्रायपॉड मात्र अनेक चर्चमध्ये चालत नाहीत. दारावरची पाटी वाचा. प्रार्थना सुरू असेल तर कॅमेरा पिशवीत, मग पाटी काहीही म्हणो.

एफ/४, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/३० सेकंद. खांबाला खांदा टेकवून एकापाठोपाठ तीन-चार फोटो घ्या, एखादा नक्की स्थिर निघतो. खिडक्या चौकटीत असतील तर एक्स्पोजर त्यांच्यावरून ठरवा. काचेतला रंग एकदा पांढरा झाला की परत मिळत नाही, भिंती मात्र नंतर उचलता येतात.

कोंकमध्ये १९९४पासून चित्रकार पिएर सुलाज यांनी केलेल्या १०४ खिडक्या आहेत. त्यांत रंगीत काच नाही. दुधी, अर्धपारदर्शक काच प्रकाश पसरवते, आणि बाहेरच्या उन्हाप्रमाणे तिच्यात निळसर ते उबदार अशी छटा बदलत जाते. तिथेही व्हाइट बॅलन्स डेलाइटवरच ठेवा, नाहीतर कॅमेरा सगळ्या खिडक्या सारख्याच पांढऱ्या करून टाकेल.

वेझलेला २१ जूनच्या सुमारास जाणार असाल तर सूर्याच्या माध्यान्हीला आत असा. दक्षिणेच्या खिडक्यांतून येणारे उजेडाचे तुकडे सभामंडपाच्या मधोमध, जमिनीवर एका रांगेत पडतात. घड्याळात ही वेळ दुपारी पावणेदोनच्या सुमारास येते. बाराला जाणारे निराश होऊन परततात.

प्रश्न : लोकांचे, घरांचे फोटो काढले आणि पुढे विकले तर कायदा काय सांगतो?

जुन्या इमारतींचा लेखकहक्क केव्हाच संपला आहे. रस्त्यावरून दिसणाऱ्या घराच्या प्रतिमेवर मालकाचा एकाधिकार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कूर द कासासियोंने, ७ मे २००४ रोजी ठरवलं. मात्र फोटोमुळे त्याला असाधारण त्रास झाला तर तो तक्रार करू शकतो. शांबोरच्या राजवाड्यासारख्या राष्ट्रीय वारसास्थळांच्या प्रतिमा व्यापारासाठी वापरायच्या तर २०१६च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

आधुनिक कलाकृतींबाबत सावध राहा. रस्त्यावर कायम असलेल्या इमारती आणि शिल्पांचे फोटो व्यक्तींना वापरता येतात, पण व्यापारी वापर वगळून. सुलाज २०२२मध्ये गेले आणि हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतात, म्हणून त्यांच्या खिडक्यांवर बेतलेली पोस्टकार्डं परवानगीशिवाय विकता येणार नाहीत.

माणसांच्या बाबतीत खासगीपणाचा हक्क दिवाणी संहितेच्या कलम ९ मध्ये आहे. ओळखू येणारा चेहरा हाच फोटोचा विषय असेल, तर विचारा. बाजारात आधी ‘बोंझूर’ म्हणून मग कॅमेरा उचललात तर होकार सहज मिळतो. मुलांचे फोटो आई-वडिलांच्या संमतीशिवाय काढू नका.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावं?

दोर्दोन्य आणि लोत नद्यांच्या खोऱ्यांसाठी गाडीच. रोकामादूरचं स्टेशन गावापासून सुमारे चार किलोमीटर लांब आहे, कोंकला रेल्वेच नाही. रेल्वेनेच जायचं तर पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइनने प्रोव्हँ हे मध्ययुगीन गाव गाठा, दीड तासाच्या आत पोचता. शार्त्रची गाडी मोंपार्नासवरून सुटते.

गाडी लहान घ्या. भाड्याच्या गाड्या तिथे सर्रास हाताने गिअर बदलायच्या असतात, ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर, काही जिल्ह्यांत ९०. गावाच्या नावाची पाटी लागली की लगेच ५०, वेगळी पाटी नसली तरी. निळ्या रेघांच्या जागेत गाडी लावली तर पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची निळी तबकडी काचेमागे ठेवावी लागते.

चौकात रात्री गाडी लावण्याआधी बाजाराचा वार बघा. सार्लात बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. त्या पहाटे चौकात उभी असलेली गाडी उचलून नेली जाते.

प्रश्न : कॉर्द-स्युर-सिएल ढगांवर तरंगताना दिसतं म्हणतात. ते कसं साधायचं?

१२२२मध्ये वसलेलं हे गाव सेरू नदीच्या खोऱ्यावरच्या टेकडीवर आहे. शरद ऋतूत, आदल्या दिवशी पाऊस, मग निरभ्र आणि वाराहीन रात्र, असा योग आला की खोऱ्यातली ओल थंड हवेत बारीक थेंबांत बदलून धुकं साचतं. रात्री ढग असतील तर झोपा, धुकं होणार नाही. गावातच राहिलात तर खाली धुक्याचा समुद्र दिसेल. गाव तरंगताना हवं असेल तर समोरच्या टेकडीवर जावं लागेल. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा, ७०-२०० मिलिमीटरची लेन्स ठेवा. धुकं कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवतं आणि चित्र करडं येतं, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. तुम्ही स्वतःच धुक्यात असाल तर आणखी वर चढा. जाताना ५० मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर वेगमर्यादा सगळीकडे ताशी ५० किलोमीटरच असते.