फिल्म पन्नास टक्क्यांची, उजेड साडेसदतीस

नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय बेचाळीस, सहा वर्षांपासून ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. ऊन अंगावर आलं की चेहऱ्यावर चट्टे उठतात आणि मग दोन-दोन दिवस सांधे धरतात. नोकरीसाठी रोज चाळीस किलोमीटर जाणं-येणं, म्हणून घरच्यांनी मोठी सात सीटची गाडी घेतली. काचांवर फिल्म लावून घेतली, १४ हजार रुपये मोजले. दुकानदाराने 'आरटीओ अप्रूव्हड, ५० टक्के व्हीएलटी' असं छापलेलं कार्ड हातात दिलं. महिन्याभरात भर चौकात पोलिसांनी गाडी अडवली. कार्ड दाखवलं, डॉक्टरांचा दाखला दाखवला, उपयोग झाला नाही. पुढच्या दोन दारांची फिल्म तिथेच ओढून काढली, ५०० रुपये भरून घेतले. नऊ दिवसांनी पुण्याला जाताना मागच्या काचांवर उरलेल्या फिल्मचा फोटो निघाला आणि मोबाइलवर १५०० रुपयांचं ई-चलान आलं. त्यांचे प्रश्न असे: हे दुसरं चलान भरायचं का? केरळ हायकोर्टाने फिल्मला परवानगी दिली आहे म्हणतात, ती आपल्याकडे चालत नाही का? डॉक्टरांच्या दाखल्याला काहीच किंमत नाही का? आणि दुकानदाराला मोकळं सोडायचं का?

ताई, भर दुपारी रस्त्याच्या कडेला पाऊण तास उन्हात उभं राहावं लागलं, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला फार लागलं. दंड करायला तेवढा वेळ लागत नाही. पेशंट आहे म्हटल्यावर तुम्हाला गाडीत बसू द्यायला हवं होतं. त्याबद्दल वाहतूक शाखेच्या वरिष्ठांना लेखी कळवा. दंड रद्द व्हावा म्हणून नव्हे, पुढच्या पेशंटला तरी सावली मिळावी म्हणून.

आता कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के. हा आरपार जाणारा उजेड म्हणजेच व्हीएलटी. तुमच्या कार्डावरचा ५० चा आकडा इथूनच उचललेला आहे.

मग अविशेक गोयंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. काळ्या काचांच्या गाड्यांमधून होणारे गुन्हे हा त्या याचिकेचा गाभा. २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल लागला आणि ४ मे २०१२ पासून देशभर काचेवर फिल्म लावायला बंदी आली. कितीही टक्क्यांची फिल्म असो, की काचेवर लावायची दुसरी कुठलीही वस्तू. नुसतं चलान करून थांबू नका, फिल्म जागच्या जागी काढून टाका, असंही न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे पोलिसांनी तुमची फिल्म ओढली ती अधिकारातच. फिल्म बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी पुन्हा दाद मागितली, पण ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने आदेश बदलायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत निर्भयावर ज्या बसमध्ये अत्याचार झाला, त्या बसलाही काळ्या काचा आणि पडदे होते. म्हणून ही बंदी जाचक आहे असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. ती का आली हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

सवलतीची वाट त्या निकालाने ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी, आणि तीही गृह सचिव व पोलीस प्रमुखांच्या समितीने तपासून. आजारपणाचा अपवाद त्यात नाही. त्यामुळे डॉक्टरांचा दाखला कितीही खरा असला तरी हवालदार त्यावर सूट देऊ शकत नाही आणि आरटीओही नाही. तुमचे बंधू न्यू जर्सीत राहतात आणि तिथे असा दाखला चालतो असं तुम्ही लिहिलंत. ते बरोबर आहे, तिथे वैद्यकीय कारणासाठी रीतसर सूट मिळते. शिवाय अमेरिकेत एसयूव्हीला ड्रायव्हरच्या मागच्या काचा कारखान्यातूनच गडद देता येतात, साध्या कारला तशी मुभा नाही. आपल्या नियमात हा भेद नाही. गाडी पाच सीटची असो की सात सीटची, तिसऱ्या रांगेच्या छोट्या काचेलाही तोच ५० टक्क्यांचा हिशेब लागतो.

केरळकडे वळते, कारण तुमची सगळी आशा तिथे आहे. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये बदल झाला. पूर्वी फक्त 'सेफ्टी ग्लास' असा शब्द होता, आता 'सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंग' असा आहे. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच या ग्लेझिंगमध्ये बसते. याच बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळली जात असेल तर मालकाने आतून लावलेली फिल्म बेकायदा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१२ चे आदेश जुन्या नियमावर होते. मला हा युक्तिवाद भक्कम वाटतो. पण दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा निकाल आपल्याकडच्या न्यायालयांना बांधून घेत नाही. तो वाचून दाखवता येतो, पटला तर न्यायाधीश घेतात. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मात्र सगळ्यांना बांधतो, आणि रस्त्यावरचा पोलीस त्याच्यावरच चालतो. टोल नाक्यावर मोबाइलमध्ये केरळचा निकाल उघडून हुज्जत घालू नका. रागाच्या भरात त्यांचं काम अडवल्याचा ठपका आला तर कलम १७९ लागतं आणि दोन हजारांपर्यंतचा दंड वेगळा होतो.

आणि समजा केरळचा निकाल उद्या इथे लागू झाला, तरीही तुमची फिल्म नापास होते. दुकानदाराने हे तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्डावरचे ५० टक्के हे नुसत्या फिल्मचे आहेत. नियम विचारतो ते काच आणि फिल्म मिळून बनलेल्या पूर्ण थरातून किती उजेड येतो ते. कंपनीची काचसुद्धा सगळा उजेड सोडत नाही. तुमच्या गाडीची काच पांढऱ्या कागदावर धरली तर हिरवट दिसेल. समजा तिच्यातून ७५ टक्के उजेड येतो. त्यावर ५० टक्क्यांची फिल्म चिकटवली की ७५ चे निम्मे, म्हणजे साडेसदतीस टक्केच आत येणार. बाजूची काच ५० टक्क्यांखाली गेली. तिथे बसायची तर फिल्म किमान ६७ टक्क्यांची हवी. मागच्या काचेचं तर विचारूच नका. तिला ७० लागतात, तिच्यावर ५० ची फिल्म लावताक्षणी नियम मोडला. तिथे जवळजवळ पारदर्शक फिल्मच बसू शकते. माझ्याकडे एक अशील असंच कार्ड घेऊन आले होते. मीटर लावून मोजल्यावर आकडा निघाला ३४. पुढे भांडायला काही उरलंच नाही.

म्हणून दुसऱ्या चलानबद्दल माझा सल्ला सरळ आहे. त्या दिवशी मागे फिल्म होती हे तुम्हीच लिहिलं आहे, तेव्हा १५०० रुपये भरून टाका. रक्कम तिप्पट कशी, असं तुम्ही विचारलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० पर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० पर्यंत दंड आहे. पहिल्या वेळी तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता भरायची रक्कम, भरून विषय मिटला असं आपल्याला वाटतं. पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की तडजोड झालेला गुन्हाही पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून धरला जाईल. त्यामुळे फिल्म आहे तोवर प्रत्येक कॅमेऱ्याखाली १५०० ची टांगती तलवार आहे.

उरलेली फिल्म याच आठवड्यात काढून घ्या, आणि स्वतःहून काढून घ्या. मागच्या काचेवर आतून ज्या बारीक आडव्या रेघा दिसतात त्या धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा आहेत आणि फिल्म त्यांच्यावरच चिकटवलेली आहे. कोणी घाईने नखाने धरून ओढली की फिल्मबरोबर तारही उचकटते आणि पावसाळ्यात मागचं काही दिसत नाही. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे वाफेने सुटवून घ्या, ब्लेड लावू देऊ नका. काढण्याआधी फोटो काढा, कामाचं बिल घ्या. ते पुढे लागणार आहे.

आता खरा प्रश्न, उन्हाचा. ताई, तुम्हाला अंधार नकोच होता. तुम्हाला अतिनील किरण अडवायचे होते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीएलटी मोजतात तो डोळ्यांना दिसणारा उजेड, अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. काच किती काळी आहे यावरून ती किती अतिनील अडवते हे ठरत नाही. तुमची समोरची काच बघा. ती दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते, आणि लख्ख पारदर्शक असूनही त्या थरामुळे त्वचेला त्रास देणारे बहुतेक अतिनील किरण अडवते. दारांच्या काचा सहसा एकेरी, कडक केलेल्या असतात, त्यांतून ते बरेच आत येतात. तुमचा उजवा गालच जास्त लाल होतो असं तुम्ही लिहिलं आहे. ड्रायव्हरच्या खिडकीकडचाच तो गाल.

कायदा फिल्मवर बोट ठेवतो, काचेवर नाही. काचच मुळात नियमातल्या टक्केवारीची आणि प्रमाणित असेल तर तिला २०१२ चा आदेशही आडवा येत नाही. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा की तुमच्या मॉडेलच्या दारांसाठी 'यूव्ही कट' काच मिळते का. काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलला ती कारखान्यातूनच येते आणि खालच्या मॉडेलच्या दारातही बसते. बसवल्यावर काचेच्या खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे अंगठ्याच्या नखाएवढा पांढरट शिक्का कोरलेला असतो. त्यात बनवणाऱ्याचं नाव, आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक दिसला पाहिजे. त्या शिक्क्याचा फोटो आणि बिल मोबाइलमध्ये ठेवा. मग कोणी अडवलंच तर 'साहेब, फिल्म नाही, काच आहे, मीटर लावून मोजा' असं म्हणता येतं. तरीही चलान झालं तर मात्र भरू नका, फोटो जोडून वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करा आणि तिथे ऐकलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जा. अशी केस मी आनंदाने लढेन. चालत्या गाडीत रबराच्या टोपीने चिकटवायची जाळी लावू नका, 'दुसरी कुठलीही वस्तू' या शब्दांत ती येते. काच येईपर्यंत स्कूटरवर घालतो तो सनकोट, हातमोजे आणि स्कार्फ गाडीतही घाला. लोक बघतील, बघू देत.

दुकानदाराला मात्र सोडू नका. आरटीओ कुठल्याही फिल्मला मंजुरी देत नाही. तसं छापून माल विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी रजिस्टर पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि १४ हजार अधिक फिल्म काढण्याचा खर्च मागा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. दंडाचे २००० रुपयेही मागा, पण ते मिळतील असा भरवसा मी देणार नाही, कारण नियम पाळण्याची जबाबदारी शेवटी मालकावर येते. मूळ रक्कम मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते, कारण कार्डावरचा 'आरटीओ अप्रूव्हड' हा शब्द त्याच्याच दुकानाच्या शिक्क्याखाली आहे.

आणि तुमच्या मनात तत्त्वासाठी लढायचं असेल, म्हणजे पेशंटना सूट मिळावी किंवा २०२१ चा बदललेला नियम महाराष्ट्रातही पाळला जावा यासाठी, तर औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येईल. पण ती पन्नास टक्क्यांच्या फिल्मवर नको. आधी अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म आणि तुमच्या काचेचा तुकडा प्रयोगशाळेत एकत्र मोजून घ्या. दोन्ही मिळून आकडा नियमात बसला तर तो अहवाल, त्वचारोगतज्ज्ञांचं सविस्तर पत्र आणि दोन्ही चलानांच्या प्रती घेऊन या. दुकानदाराचं कार्ड फाडू नका, मूळ प्रत लागेल.