वाचकांचे प्रश्न : वाढती यादी तळाशी कशी ठेवावी?

प्रश्न : आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये संदेशांची यादी ठरावीक उंचीच्या चौकटीत दिसते. नवा संदेश स्टेटमध्ये (ॲप्लिकेशनने जपलेल्या माहितीत) जोडला की कोडच्या पुढच्याच ओळीत आम्ही स्क्रोलटॉपला (यादी वरून किती सरकली आहे त्या आकड्याला) स्क्रोलहाइटची (आतल्या मजकुराच्या एकूण उंचीची) किंमत देतो, तरीही यादी नेहमी एका संदेशाने मागे राहते. शिवाय जुने संदेश वाचत बसलेले वापरकर्ते तक्रार करतात की यादी त्यांना मध्येच खाली खेचते. या दोन्हींवर उपाय काय?

उत्तर : पहिल्या तक्रारीचे कारण क्रमात आहे. रिॲक्ट किंवा व्ह्यू या जावास्क्रिप्ट साधनांमध्ये स्टेट बदलले म्हणून पानावरचे घटक त्याच क्षणी बदलत नाहीत. त्यामुळे पुढच्या ओळीत तुम्ही वाचता ती स्क्रोलहाइट नवा संदेश येण्यापूर्वीची असते. रिॲक्टमध्ये हे काम यूजलेआउटइफेक्टमध्ये आणि व्ह्यूमध्ये नेक्स्टटिकनंतर, म्हणजे पानावरचे घटक बदलून झाल्यावर करावे. सेटटाइमआउट लावून (ठरावीक मिलिसेकंद थांबून) वेळ मारून नेऊ नये, कारण किती मिलिसेकंद पुरतील हे यंत्रागणिक बदलते.

दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची ओळ हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही यादीला नाही. वापरकर्ता आधीपासून तळाशी असेल तरच यादी सरकवावी, आणि तो तळाशी आहे की नाही हे नवा संदेश जोडण्यापूर्वी मोजावे. समजा, मजकुराची एकूण उंची २४०० पिक्सेल, चौकटीची उंची ६०० आणि स्क्रोलटॉप १८०० आहे. २४०० मधून १८०० आणि ६०० वजा केल्यावर शून्य उरते, म्हणजे वापरकर्ता तळाशी आहे. आता ८० पिक्सेल उंचीचा संदेश आला आणि तुम्ही त्यानंतर मोजले, तर उत्तर ८० येईल, वापरकर्ता वर गेल्याचा तुमचा समज होईल आणि यादी तिथेच अडकून पडेल. या तुलनेत नेमक्या शून्याचाही आग्रह धरू नये. स्क्रोलटॉप अपूर्णांकात येऊ शकतो, तर बाकीच्या दोन किमती पूर्णांकात मिळतात. त्यामुळे पूर्ण तळाशी असतानाही अर्धा पिक्सेल शिल्लक दिसू शकतो. मी साधारण एका ओळीच्या उंचीइतकी सूट ठेवतो.

बरेच जण वापरकर्ता तळाशी आहे की नाही ही स्थिती स्क्रोल इव्हेंटमध्ये (यादी सरकली की ब्राउझर देतो त्या सूचनेत) नोंदवून ठेवतात. ती पद्धतही चांगली आहे, मात्र तुमच्या कोडने केलेल्या सरकवण्यामुळेही तोच इव्हेंट येतो. त्यातच स्मूथ स्क्रोल (हळूहळू सरकणे) लावला, तर यादी वाटेत असतानाच ‘तळाशी नाही’ अशी नोंद होते आणि पुढचा संदेश आल्यावर यादी हलत नाही. संदेश भराभर येत असतील तिथे उडी मारून जाणेच योग्य.

उशिरा उतरणाऱ्या चित्रांमुळेही तळ निसटतो. चित्राची रुंदी व उंची आधीच लिहावी. तरीही उंची बदलणारच असेल, तर रिसाइझऑब्झर्व्हर (घटकाचा आकार बदलला की कळवणारा निरीक्षक) चौकटीवर न लावता आतल्या मजकुराच्या घटकावर लावावा. चौकटीचा आकार बदलतच नाही, त्यामुळे तिच्यावर लावलेला निरीक्षक मजकूर कितीही वाढला तरी गप्पच राहतो.

वापरकर्ता वर असताना संदेश आला, तर चौकटीच्या खालच्या कडेला ‘नवे संदेश’ असे बटण दाखवावे आणि खाली जायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे.

प्रश्न : हेच काम केवळ सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) होईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी होईल. फ्लेक्सडायरेक्शन या मांडणीची दिशा ठरवणाऱ्या गुणधर्माला कॉलमरिव्हर्स (खालून वर) ही किंमत दिल्यास यादीची सुरुवातच तळापासून होते आणि वापरकर्ता तळाशी असेपर्यंत ती तिथेच टिकते. परंतु त्यासाठी संदेश कोडमध्ये उलट्या क्रमाने ठेवावे लागतात; परिणामी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्याला संभाषण शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकू येऊ शकते. एवढ्याच कारणासाठी मी ही पद्धत टाळतो. क्रम सरळ ठेवावा आणि चौकटीला ‘लॉग’ हा रोल (घटकाचे काम सांगणारी खूण) द्यावा, म्हणजे नवा संदेश आल्यावर चालू वाचन न तोडता तो वाचून दाखवण्याची सूचना स्क्रीन रीडरला मिळते.