नवजात बाळ कायदेशीरपणे सोपवता येतं का? (खानापूर, बेळगाव)

येतं. फक्त अमेरिकेसारखं निनावी नाही. तिकडे टेक्सासने 1999 मध्ये कायदा केला, तेव्हापासून नाव न सांगता बाळ दवाखान्यात ठेवून जाता येतं. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 35 आहे. केंद्राचा कायदा, त्यामुळे निपाणीत आणि कोल्हापुरात नियम एकच. सीमावाद इथे तरी आड येत नाही!

जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जायचं (कन्नड पाटीवर ‘मक्कळ कल्याण समिती’). समिती चौकशी आणि समुपदेशन करते, मग समर्पणपत्रावर सही. कागद कन्नडमध्ये असला तर मराठीत वाचून घ्या, घाईने अंगठा उठवू नका. सहीनंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. ओळख गुप्त राहते.

जायचं धाडस नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत.

देवळाच्या पायरीवर किंवा उसाच्या फडात मात्र ठेवू नका. बाळाच्या जिवाला धोका, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 खाली सात वर्षांपर्यंत कैद. कायदेशीर दत्तकविधान न करता ‘ओळखीच्या जोडप्याला’ परस्पर देणंही बेकायदा, मग मध्यस्थ नर्सबाई कितीही गोड बोलो.