रेल्वे मॉडेल प्रश्नोत्तरे : आधी साल ठरवा, इंजिन शेवटी घ्या

येणाऱ्या बहुतेक पत्रांत प्रश्न एकच असतो, फक्त गाव बदलतं : "वाफेच्या इंजिनांच्या काळातलं आमचं स्टेशन करायचंय, कुठलं इंजिन घेऊ?" इंजिन सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं. हे पूर्वीही लिहिलंय, तरी पत्रं थांबत नाहीत, म्हणून निवडक प्रश्न आज एकत्र घेतो.

दुकानात १६.५ मिलिमीटरचे एचओ रूळ मिळतात. त्यावर आपली ब्रॉडगेज दाखवली तर चालेल का? (नाशिक)

चालेल, पण आपण काय सोडतोय ते माहीत असू द्या. एचओचं स्केल १:८७, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्यात १६.५ मिलिमीटर म्हणजे युरोपातलं १४३५ मिलिमीटरचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपलं ब्रॉडगेज १६७६ चं. त्याला १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर लागतात. रूळ हाताने घालायची तयारी असेल तर तसं करा. नसेल तर १६.५ घ्या आणि हळहळत बसू नका, बहुतेक जण हीच तडजोड करतात.

स्केल मात्र मध्येच बदलू नका. "ओओ आणि एचओ एकच हो साहेब" असं विक्रेता म्हणेल. रूळ एकच आहेत, स्केल नाही. ओओ १:७६.२, एचओ १:८७. पाच फूट सात इंचांचा माणूस ओओमध्ये साधारण २२ मिलिमीटर होतो आणि एचओमध्ये साडेएकोणीस. दोघांना एका फलाटावर उभं केलंत की एक जण दुसऱ्याचा मुलगा वाटतो. खरेदीआधी पट्टी घेऊन दुकानात जा. दुकानदाराला राग आला तर दुकान बदला.

नेरळ-माथेरानसाठी ९ मिलिमीटरचे रूळ चालतील का? (बदलापूर)

१:७६ मध्ये चालतील, तिथे दोन फुटी गेज ८ मिलिमीटर होतं आणि एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला खपतो. १:८७ मध्ये तो फरक दोनवर जातो आणि खपत नाही.

लोणावळा, साल १९३५. डेक्कन क्वीनला कुठलं वाफेचं इंजिन लावू? (पुणे)

कुठलंच नाही. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर, कारण पुण्यापर्यंत विजेच्या तारा १९२९ मध्येच आल्या होत्या. घाटात वाफेवरची मेलगाडी हवी असेल तर १९२९ च्या आधीचं साल घ्या. मग डेक्कन क्वीन विसरा.

कुर्डुवाडी जंक्शन करतोय, काळ "वाफेचा". डब्ल्यूपी (ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन) आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) लिहिलेले मालडबे घेतलेत, बार्शी लाइटचे (इथून बार्शीला जाणाऱ्या नॅरोगेजचे) डबे थ्रीडी प्रिंट करून घेतोय. फलाटावर कडुनिंब दाखवू की वड? (सोलापूर)

झाडाचं नंतर बघू. वाफेचा काळ म्हणजे नेमका कुठला? कुर्डुवाडीला ब्रॉडगेज आली १८५९ मध्ये. देशात ब्रॉडगेजवरची वाफ टिकली १९९५ पर्यंत. एवढ्या वर्षांत स्टेशनाचं नाव, मालक, इंजिनं, डब्यांवरची अक्षरं, सगळं बदललं. सव्वाशे वर्षांपेक्षा मोठा हा पट्टा एका फळीवर मांडता येत नाही, आणि मांडलात तर ते कुठल्याच दिवसाचं स्टेशन होत नाही. जुन्या वस्तूंचं दुकान होतं.

तुम्ही घेतलेल्या सामानाचाच हिशोब करू. डब्ल्यूपी भारतात आलं १९४७ मध्ये. जीआयपी संपली ५ नोव्हेंबर १९५१ ला, त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. डब्यांवरची जुनी अक्षरं रंग निघेपर्यंत काही काळ राहिली असं धरलं, तरी तुमची दोन्ही खेळणी एकत्र नांदतात ती जेमतेम त्या चार-पाच वर्षांत. साल १९४९ घेतलंत तर तुम्ही सुटलात. बार्शी लाइट तेव्हा अजून खासगी कंपनी होती, सरकारने ती १९५४ मध्ये घेतली. म्हणजे छोट्या गाडीवर कंपनीची अक्षरं हवीत, मध्य रेल्वेची नकोत. १९५५ घेतलंत की हे उलटं.

आता समजा तुम्हाला १९१० आवडलं. मग डब्ल्यूपी परत करा. फलकावर कुर्डुवाडी नाही, बार्शी रोड लिहा. छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली होती, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली होती. म्हणजे वारकरी दाखवा, हवे तेवढे. पण लातूरला ती गेली १९११ मध्ये आणि मिरजेला १९२७ मध्ये. १९१० च्या फलाटावर "लातूर" पाटीचा डबा उभा केलात तर सोलापूरचे लोक फळीपाशी जमून हसतील. त्यांचं चुकणार नाही.

आणि फलाटाकडे एवढं लक्ष का? या जंक्शनचा जीव फलाटावर नव्हता. एका बाजूला १६७६ मिलिमीटरचं गेज, दुसऱ्या बाजूला ७६२ चं, त्यामुळे एका गाडीतलं पोतं दुसऱ्या गाडीत आपोआप जात नव्हतं. इथे उतरवायचं, इथेच चढवायचं. समोरासमोर लागलेले उंच आणि बुटके मालडबे, मध्ये मालधक्का, पाठीवर ओझं घेतलेले हमाल, बाहेर बैलगाड्या. तुमच्या आराखड्यात मालधक्क्याला वीत भर जागा आहे आणि चहाच्या टपरीला दोन वीत. हे उलटं करा.

थ्रीडी प्रिंटचंही सांगतो. बार्शी लाइटचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा हिशोबी माणूस होता. अॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको असं ठरवून त्याने डब्यांना २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशी एकच चौकट दिली. १:७६.२ मध्ये ती बरोबर १०० मिलिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर रुंद येते. तुमचा प्रिंट पट्टीवर ठेवा. आठ सेंटिमीटर भरला तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी नॅरोगेजचा डबा आहे, नाव बदलून विकलेला. असले "दुर्मीळ भारतीय" प्रिंट सध्या फार फिरताहेत.

तेव्हा साल ठरवा, त्या सालचं वेळापत्रक मिळवा, सामानाची यादी लिहा आणि पैसे देण्याआधी ती कुर्डुवाडीला नोकरी केलेल्या एखाद्या निवृत्त माणसाला दाखवा.

हो, आणि कडुनिंब.

इंटरनेटवर आमच्या स्टेशनाचा १९२० चा रंगीत फोटो मिळाला, इमारत पिवळी दिसते. "ओरिजिनल जीआयपी शेड" नावाचा रंगही विकत मिळतो. घेऊ का? (जळगाव)

फोटो रंगीत नाही, नंतर रंगवलेला आहे. संगणकाने तो पिवळा ठरवला, रंगाऱ्याने नाही. मूळ करड्या छटांवरूनही रंग ओळखू नका. जुन्या फिल्मला निळा जास्त जाणवे आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे लाल काळपट उतरे आणि निळा पांढुरका. रंग विकणाऱ्याला एवढंच विचारा की ही छटा कुठल्या सालची आणि कशावरून काढली? उत्तर आलं तर मला कळवा.

खरा पुरावा जुन्या खिडकीच्या चौकटीवर, रंगाच्या थरांखाली असतो. पण स्वतः जाऊन खरवडू नका. एक तर परवानगी लागते, दुसरं म्हणजे जुन्या रंगात शिसं असू शकतं. वारसा-संवर्धनाचं काम करणारे वास्तुविशारद असतात, त्यांना विचारा. छटा मिळाल्यावर त्यात थोडा पांढरा मिसळा, लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो.

आमच्या स्टेशनाची जुनी इमारत पाडणार आहेत. मापं दिवाळीनंतर घेतली तर चालतील? (सातारा जिल्हा)

दिवाळीनंतर तिथे पत्र्याचं कुंपण असेल. या आठवड्यात जा.

आधी स्टेशन मास्तरांना भेटा आणि कुठल्या कार्यालयाची लेखी परवानगी लागेल ते विचारून घ्या. परवानगीशिवाय रुळांच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, "फक्त पाचच मिनिटं" म्हणून तो माफ होत नाही. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगवलेली काठी भिंतीला टेकवून समोरून, दुरून फोटो काढा. जवळून, कोनातून काढलेले सुंदर फोटो मापाला निरुपयोगी असतात. उघड्या विटा असतील तर दहा थरांची उंची मोजा, मग वरचं सगळं फोटोत थर मोजून काढता येतं. दारं, जोतं, पागोळीची उंची, कौलांखालची लाकडी झालर, काही सोडू नका.

एक गोष्ट सगळेच विसरतात. आजची फलाटाची उंची जुनी समजू नका. उंच फलाट आज रुळांपासून साधारण ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. लहान स्टेशनांवर तो पूर्वी बराच खाली, कुठे रुळांच्या पातळीलाच असे. जुन्या इमारतीच्या पायऱ्या फलाटात बुडालेल्या दिसल्या की समजा फलाट नंतर उचललाय. पायऱ्या मोजा, मूळ पातळीचा अंदाज येतो. इंजिनात पाणी भरायच्या कॉलमचा चौथरा आणि राखेचा खड्डा यांच्या खुणाही गवतात शोधा. पण हे रेल्वेचा माणूस सोबत असतानाच.

आजोबा फायरमन होते, आता नव्वदीला आलेत. ते म्हणतात सगळी इंजिनं लाल होती. लाल करू? (मिरज)

नका. लाल इंजिनं काही ठिकाणी होतीही, पण "सगळी" या शब्दावर रंगाचा डबा उघडू नका. आठवण आणि पुरावा वेगळा ठेवा. काय होतं हे विचारण्याऐवजी ते काय करायचे ते विचारा. पाणी कुठे घ्यायचे, राख कुठे झाडायचे, इंजिन कुठल्या सांध्यावरून फिरवायचे, सांधेवाला कुठे बसायचा. हातांना आठवतं ते सहसा बरोबर असतं. साल आणि रंग यांना कागद हवा. त्यांच्या तब्येतीला झेपेल तेवढं, थोडं थोडं रेकॉर्ड करा, आणि आजपासून करा. पुतण्याच्या लग्नानंतर नको.

मी लंडनला असतो. तिथे काही बघण्यासारखं आहे? (लंडन)

ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याची, जुनी कागदपत्रं. तुमच्या स्टेशनाचं साल आणि कंपनी लिहून न्या, नुसतं "महाराष्ट्रातली रेल्वे" म्हणालात तर दिवस फुकट जाईल. तिथल्या ग्रंथपालांशी आधी पत्रव्यवहार करा. मुंबईकरांनी आधी महाराष्ट्र पुराभिलेखागार गाठावं.

ब्रिटनहून मागवलेले सिग्नल वर उचलले जातात. तसेच लावू? (अमरावती)

तुमच्या स्टेशनावर हात खाली पडणारे होते का वर जाणारे, ते त्या सालच्या फोटोत बघा. वाफेच्या काळातल्या आपल्या बहुतेक लहान स्टेशनांवर ते खाली पडायचे. माशाच्या शेपटीसारखा कापलेला वॉर्नर (पुढच्या सिग्नलची आधी सूचना देणारा हात) लावणार असाल तर तो कुठल्या खांबावर, हे आधी सिग्नल खात्यातल्या निवृत्त माणसाला विचारा.

इंजिनातल्या धुराच्या यंत्रात रॉकेल घातलं तर? (अकोला)

घालू नका. आणि जुना ट्रान्सफॉर्मर लावला असेल तर तो इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय चालूही करू नका.