आज काय आलंय, ते विचारा

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस स्वतःच्या गाडीने कोकणात जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आणि सासूबाई. यजमानांनी अलिबागपासून तेरेखोलपर्यंत अकरा ठिकाणांची यादी केली आहे. मला समुद्र, जुनी बंदरं आणि तिथल्या घरांत शिजतं ते जेवण हवंय. कसं बसवू? — एक वाचक, सातारा

उत्तर : ती यादी जपून ठेवा, पुढच्या पाच-सहा सुट्ट्यांना पुरेल. पण सहा दिवसांत अकरा ठिकाणं म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि दुपारी जिथे भूक लागेल तिथे, हायवेच्या कडेला, मिळेल ते खायचं. किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालतो. नकाशात बोटभर दिसणाऱ्या अंतराला दीड-दोन तास सहज जातात. तुम्हाला जे हवंय तेच त्यात हातून निसटेल.

मी वेंगुर्ल्यात वाढले, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे, तरी सांगते : फक्त सिंधुदुर्ग जिल्हा करा. कोल्हापूरवरून गगनबावड्याचा घाट उतरा, वैभववाडी, तळेरे आणि तिथून थेट विजयदुर्ग. पहिली रात्र तिथे, पुढच्या तीन मालवणात, शेवटची वेंगुर्ल्यात. परतताना सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढा. एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही.

दिवाळीची सुट्टी खाण्याच्या दृष्टीने चांगली आहे. भाऊबीज झाली की निघा. नवं भात घरात येत असतं, डोंगर अजून हिरवे असतात, मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या सुरू झालेल्या असतात आणि बांगडा भरपूर असतो. आंबा नाही मिळणार, ओले काजूही नाहीत. त्याची हळहळ करू नका. कोकणात आधी महिना ठरतो आणि ताट त्याच्यामागून येतं.

आता जेवणाचं. एवढी एकच गोष्ट माझी ऐका : खाणावळीत किंवा मुक्कामाच्या घरी ‘पापलेट आहे का?’ असं विचारू नका. ‘आज काय आलंय?’ असं विचारा. येणारा प्रत्येक जण पापलेट आणि सुरमईच मागतो, म्हणून ती बर्फात घालून ठेवावी लागतात. त्याच दिवशी बंदरावर तारले, मुडदुशे, सौंदाळे, बांगडे उतरलेले असतात आणि घरातली माणसं मागच्या पडवीत तेच खात असतात. तुम्ही ते मागितलंत, तर वाढणारीचा चेहरा बदललेला दिसेल. काय हवं ते आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे बाजारात जाताना त्यांना तुमचा हिशोब धरता येतो. आणि सोमवार आधी बघून ठेवा. त्या दिवशी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत.

तिरफळं, म्हणजे मसाल्यासारखी वापरायची रानफळं, घातलेलं बांगड्याचं तिखलं एकदा तरी कुणाच्या चुलीशेजारी उभं राहून बघा. माझी मावशी ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि हळद पाट्यावर गंधासारखी वाटायची. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही. मातीच्या भांड्यात ते वाटप, आमसुलं आणि बांगड्याचे तुकडे. वरून आठ-दहा तिरफळं ठेचून, आतली काळी बी काढून टाकलेली. बी राहिली तर चव जाते. उकळी आली की ती डाव कधीच घालायची नाही. फडक्यात धरून भांडंच गोल हलवायची, म्हणजे मासा मोडत नाही. शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल. तिरफळाचा तो वास लिंबाच्या सालीच्या जवळचा, पण जास्त रानटी, आणि जिभेला किंचित बधिरपणा. मुलांना पहिल्यांदा सांगून ठेवा, तिरफळ चावायचं नाही. उकड्या तांदळाच्या भाताबरोबर खा. पोळी मागू नका.

कोंबडी-वडे मात्र रविवारी दुपारी खा, आणि त्यानंतर कुठेही जायचं ठरवू नका.

गावांबद्दल थोडं. विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या तोंडावर आहे. किल्ल्यात चालत जाता येतं, होडी लागत नाही, म्हणून सासूबाईंनाही न्या. जुन्या कागदांत याचंच नाव घेरिया. आंग्र्यांचं आरमार इथे असायचं. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले आणि ते आरमार इथेच जळालं. तटावर संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. खाली खाडीतून परतणाऱ्या होड्या दिसतात आणि ही जागा का निवडली, ते तेरा वर्षांच्या मुलालासुद्धा न सांगता कळतं.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ला सकाळी पहिल्या होडीने करा, उन्हाच्या आत. बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झालं. त्याची पूजा ज्या खडकावर झाली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे. तिथे आधी थांबा, मग होडीत बसा. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलेला आहे. मुलांना शोधायला सांगा. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, शिवाजी महाराजांच्या मुलाने, राजाराम महाराजांनी बांधलेलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही पाच मिनिटं विहिरीच्या काठावर बसा. त्या पाण्यावर काही घरं आजही किल्ल्यात नांदतात.

मालवणच्या तीन दिवसांतली एक सकाळ मोकळी ठेवा, रापणीसाठी. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसं ओढतात. तीस-चाळीस माणसं, टाचा वाळूत रुतलेल्या, मागे मागे सरकत. ‘वढा, वढा’ म्हणून कुणीतरी हाक देतं. आपण दोर धरला तर कुणी नाही म्हणत नाही. माझ्या भाच्याने नवव्या वर्षी असा दोर ओढला होता, तळहात सोलवटले होते. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात चांदीसारखे उसळणारे पेडवे होते आणि एका काकांनी त्याच्या टोपीत मूठभर टाकले : ‘ह्यो तुझो वाटो.’ रापणीत प्रत्येकाला वाटा असतो. रोज लागेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी किनाऱ्यावर विचारून ठेवा. संध्याकाळी बंदरावर लिलाव होतो, तोही बघा, पण वाटेत उभं राहू नका. तिथे माणसं पोटासाठी धावत असतात.

वेंगुर्ल्याला लोक घाईत येतात, त्याचं मला वाईट वाटतं. सतराव्या शतकात डचांची वखार इथे होती. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांच्या मुळांनी धरलेल्या. मुंबईसारखं इथेही क्रॉफर्ड मार्केट आहे. सकाळी त्यात शिरून फक्त भाज्या आणि केळी बघत फिरा. बंदराच्या टेकडीवर दीपगृह आहे, सूर्यास्त तिथून. वेळ उरला तर शिरोडा. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता.

प्रश्न : सासूबाईंचं काय? त्या मासळीचा वासही सहन करत नाहीत. — त्याच वाचक

उत्तर : त्यांची उपासमार होईल असं समजू नका. कोकणातली शाकाहारी ताटं श्रीमंत असतात, फक्त पाट्यांवर लिहिलेली नसतात. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे आणि नारळाची चटणी, भाज्या घालून केलेलं खतखतं, आणि शिरवाळे : तांदळाच्या ताज्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून. शिरवाळ्यांना खपावं लागतं, म्हणून एक दिवस आधी हात जोडून सांगा. सोलकढी त्यांना चालेलच. गुलाबी रंग खऱ्या आमसुलाचा की बाटलीतला, हे त्या एका घोटात ओळखतील.

मुक्काम ठरवताना ‘शाकाहारीची भांडी वेगळी आहेत का?’ हे फोनवर स्पष्ट विचारा. लाजू नका. बरीच घरं स्वतः श्रावण आणि वार पाळतात, त्यांना यात नवल वाटत नाही. आणि सासूबाईंना कधीतरी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा आणा. ओल्या काजूची उसळ तेव्हाच. त्या काजूच्या टरफलाचा चीक हात भाजतो, सोलणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात. म्हणून भाव करताना फार घासाघीस करू नका.

प्रश्न : आम्हाला जूनअखेरीस रजा आहे. तेव्हा हाच बेत जमेल का? — एक वाचक, कराड

उत्तर : हाच नाही. एकदा नणंदेच्या कुटुंबाला घेऊन मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेले होते. आरक्षण घेताना मुक्कामाच्या माणसाने ‘सगळं चालू आहे’ म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात किल्ल्याच्या होड्या मेअखेरीसच बंद झाल्या होत्या आणि ताटात आलेली सुरमई कापसासारखी होती. मुलं काठावर उभी राहून किल्ल्याकडे बघत राहिली. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा तो काळ आहे. तेव्हा ताज्या समुद्री मासळीचा हट्ट धरायचा नाही.

पावसाचा कोकण वेगळा मागा. किनारा सोडून थोडं आत, एखाद्या वाडीत राहा. टाकळ्याची भाजी, रानातली अळंबी, पहिल्या पुरात ओहोळात शिरणारे चढणीचे मासे, आणि मे महिन्यात आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, भरून ठेवलेले सुके बांगडे. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, गरम पेज, बाहेर कौलांवरून पागोळ्या. कपड्यांचे दोन जादा जोड घ्या, काहीही वाळत नाही.