'समष्टिवाद' म्हणू नका, 'ठेवण' म्हणा

प्रश्न असा आहे: "बी.एड.ला मानसशास्त्राचे सुरुवातीचे संप्रदाय आहेत. त्यातला रचनावाद आणि शाळेत राबवतात तो ज्ञानरचनावाद एकच का? आणि गेस्टाल्टला समष्टिवाद का म्हणतात?"

पहिल्या भागाचं उत्तर: नाही, नाही आणि नाही. ज्ञानरचनावादी शिकवण्यासाठी साताऱ्याच्या कुमठे बीटचं (शाळांच्या गटाचं) नाव झालं, गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या आणि तेव्हापासून प्रशिक्षणांत "रचनावादाचे जनक टिचेनर" हे वाक्य अधूनमधून कानावर येतं. टिचेनर बिचारा मुलांना फरशीवर बसवून शिकवण्याच्या भानगडीत कधी पडला नाही. लाइपझिगला प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्या वुंटच्या हाताखाली तयार होऊन तो 1892 मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला गेला. 1898 मधल्या लेखात त्याने प्राणिशास्त्रातला भेद मानसशास्त्रात आणला. शरीराची रचना आधी पाहायची आणि शरीर काय काम करतं ते नंतर, तसंच मनाचंही. म्हणजे त्याची 'रचना' ही 'शरीररचना' या शब्दातली. आधीच असलेली वस्तू घ्यायची आणि फोडून तिचे घटक मोजायचे. त्याने मोजलेही. 1896 च्या पुस्तकात त्याने 44,000 हून अधिक मूळ संवेदनांचा हिशेब दिला आहे. त्याच्या प्रयोगशाळेत समोर सफरचंद ठेवलं आणि तुम्ही "सफरचंद" म्हणालात की चुकलात. लाल, गोलसर, इतकं उजळ असं सांगायचं.

ज्ञानरचनावादातली 'रचना' ही क्रिया आहे. मूल ज्ञान रचतं. तो पियाजे, व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचा वारसा. साहित्यसमीक्षेतला संरचनावाद आणखी तिसराच, तो सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाच्या भाषाविचारातून निघालेला. एका 'रच्' धातूला तीन बिऱ्हाडं दिल्यावर घोटाळा होणारच.

आता गेस्टाल्ट, म्हणजे आपल्याला जे दिसतं-ऐकू येतं ते सुट्या तुकड्यांत नाही तर सबंध रूपात कळतं असं मानणारा संप्रदाय. खरं तर मला याबद्दलच बोलायचं आहे.

आधी उच्चार. जर्मन माणूस 'गेश्टाल्ट' म्हणतो. आपल्याकडे 'श' आहे, तो वापरायला पैसे पडत नाहीत. 'श्टेलन' म्हणजे ठेवणे, मांडणे, उभे करणे. त्याचं आजचं भूतकृदंत 'गेश्टेल्ट', पण जुन्या जर्मनमध्ये ते 'गेश्टाल्ट' असंही होतं. पुढे त्याचंच नाम झालं. ठेवलेलं, मांडलेलं, म्हणून मांडणी, म्हणून रूप. 'उनगेश्टाल्ट' म्हणजे बेढब, त्यात ते जुनं कृदंत अजून जिवंत आहे.

मराठीत नेमका हाच प्रवास झालेला आहे! संस्कृत स्थापयति, प्राकृत ठवेइ, मराठी ठेवणे. आणि ठेवणेपासून नाम काय झालं? ठेवण. चेहऱ्याची ठेवण, नाकाची ठेवण, घराची ठेवण. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता 'ठेवणे' या क्रियेपासून 'रूप' या अर्थाचं नाम घडवलं, आणि आपण मात्र वेदान्तातून उसना शब्द आणत बसलो.

नातं आणखी खोल आहे. भाषाशास्त्रज्ञ पोकोर्नीने 1959 च्या आपल्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात श्टेलनच्या मुळाशी जो धातू दिला आहे, त्याच्याखालीच संस्कृत 'स्थल' नोंदवला आहे. म्हणजे मुलीसाठी बघतात ते स्थळ, वडापावचा स्टॉल, मोबाइलवर इन्स्टॉल करतो ते ॲप आणि गेश्टाल्ट ही सगळी एका कुळातली. स्थापयतिमधला 'स्था' या धातूचा सख्खा भाऊ की चुलत, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. मी सख्खा मानतो.

'समष्टि' सुचवणाऱ्यांनी केलं ते उलटंच. सम् अधिक अश्, एकत्र व्यापणं. पण वेदान्तात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. सदानंदांच्या वेदान्तसारातला दाखला असा की एकेक वृक्ष ही व्यष्टी आणि सगळे वृक्ष मिळून म्हटलं की वन, ती समष्टी. झाडं एकत्र घेतली, झालं वन. गेश्टाल्ट संप्रदाय सुरू करणाऱ्या वेर्टहायमरने नेमकं यालाच 'आणि-बेरीज' म्हटलं होतं: हे आणि ते आणि ते. त्याचा सगळा झगडा याच बेरजेशी, आणि आपण त्याच्या संप्रदायाला नाव दिलं बेरजेचं! शिवाय समाजशास्त्रवाल्यांनी 'समष्टिवाद' व्यक्तीपेक्षा समूहाला मोठं मानणाऱ्या विचारासाठी वापरला आहे तो वेगळाच. गेश्टाल्टला 'व्यूह' म्हणणाऱ्यांचे कान थोडे तरी शाबूत होते, त्यात मांडणी आहे. पण व्यूह म्हटलं की अभिमन्यू आठवतो, त्याला इलाज नाही.

याच बेरजेतून ते दुसरं लाडकं वाक्य येतं, "पूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं." व्याख्यानांत, कंपन्यांच्या शिबिरांत, सगळीकडे हेच. याच संप्रदायातल्या कोफ्काने 1935 मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय की 'जास्त' म्हणण्यापेक्षा 'वेगळं' म्हणणं बरोबर, कारण इथे बेरीज करण्यालाच अर्थ नाही. मूळ मुद्दा त्याच्याही आधीचा, एरेनफेल्स या तत्त्वज्ञाचा, 1890 मधला. भीमपलासातली एखादी बंदिश काळी एकच्या पट्टीत गा, मग काळी चारमध्ये गा. प्रत्येक सूर बदलला, तरी बंदिश तीच. तिची ठेवण तीच, असं कुठलाही गाणारा सहज समजेल. "बंदिशीची समष्टी तीच" असं म्हणून बघा, साथीदार पेटी बंद करेल.

बाळ बघायला आलेली आजी म्हणते, "नाक बापाचं, डोळे आईचे, पण ठेवण थेट आत्याची." एकही अवयव आत्याचा नाही आणि ठेवण आत्याची! वेर्टहायमरने 1912 मध्ये दोन स्थिर रेघा आळीपाळीने दाखवून सरकणारी एकच रेघ दिसते हे सिद्ध केलं, तेव्हा त्याचंही म्हणणं हेच होतं. जे दिसतं ते तुकड्यांत शोधू नका. प्रयोगात डोळे लावून बसले होते ते कोहलर आणि कोफ्का, पुढे त्याचेच सहकारी.

'ठेवण'वर एक आक्षेप येईल. कोहलरने सांगितलंय की जर्मनमध्ये गेश्टाल्टचे अर्थ दोन: वस्तूचा आकार, आणि आकार असलेली ती सबंध वस्तूच. ठेवणीत दुसरा अर्थ नाही. मान्य. पण समष्टीत पहिलाही नाही.

परीक्षेत 'समष्टिवाद'च लिहा, गुण तपासणाऱ्याच्या हातात असतात. बाहेर मात्र 'ठेवणवाद' लिहा, निदान गेश्टाल्ट तरी लिहा, 'श' लावून. इंग्रजीनेही भाषांतराचा नाद सोडून शेवटी जर्मन शब्दच घेतला. 'स्ट्रक्चर' म्हणायची सोय नव्हती, तो शब्द टिचेनरच्या नावावर लागून गेलेला.

कार्यवाद, वर्तनवाद या बाकीच्या संप्रदायांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. त्या शब्दांत काही खोटही नाही.