बायपासनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप का येतो?

ताई, बाबांच्या बायपासला चोवीस दिवस झाले, रोज संध्याकाळी 100-101 ताप, खोल श्वास घेतला की छातीत टोचतं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स वाया गेले आणि आता सर्जन म्हणतात 'पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम'. म्हणजे ऑपरेशन फसलं का, हा तुमचा खरा प्रश्न. तर नाही. मी डॉक्टर नाही, पण 2016 मध्ये स्वतः हे भोगलंय.

हृदयाभोवती दुपदरी पातळ पिशवी असते, पेरिकार्डियम. बायपाससाठी ती उघडावीच लागते. तिच्या पेशी दुखावतात, थोडं रक्त आत साचतं आणि हृदयाच्या पेशींमधली एरवी झाकलेली प्रथिनं उघडी पडतात. प्रतिकारशक्तीला ती परकी वाटतात आणि ती घरच्याच माणसावर धावून जाते. पण या हल्ल्याच्या तयारीला वेळ लागतो, म्हणून त्रास सहसा एक ते सहा आठवड्यांत उपटतो. माझ्या मते हा उशीर हीच मोठी खूण. अर्थात आधी जखमेतलं इन्फेक्शन आणि न्यूमोनिया नाही ना हे बघावंच लागतं, त्यामुळे सुरुवातीच्या अँटिबायोटिकबद्दल कुणाला बोल लावू नका.

पूर्वी डॉक्टरही यात चकले होते. 1950 च्या दशकात हृदयाची आकसलेली झडप मोकळी करायची ऑपरेशनं सर्रास होऊ लागली, तेव्हा असा ताप आला की जुना रुमॅटिक ताप (ज्याने झडपा आकसतात तो आजार) उलटला असं समजत. मग जन्मजात दोषासाठी ऑपरेशन झालेल्यांनाही तेच होऊ लागलं. त्यांना रुमॅटिक कधी नव्हताच! 1958 मध्ये ते छापून आलं आणि तो समज गळून पडला. त्याच सुमारास, 1956 मध्ये, ब्रुकलिनच्या विल्यम ड्रेसलर यांनी हार्ट अटॅकनंतर, म्हणजे चाकू न लागताही, असंच होतं हे मांडलं. हल्ली बंद नळी लवकर उघडतात, त्यामुळे तो प्रकार कमी दिसतो.

माझे सगळ्यात जास्त हाल झोपेने केले. उताणा पडलो की कळ यायची, पुढे वाकलो की ओसरायची. जेवणाच्या टेबलावर दोन उशा रचून त्यावर कपाळ टेकून आठ रात्री काढल्या. आणि ते तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र असतं ना? डिस्चार्जनंतर माझे तिन्ही चेंडू वर जायचे. ताप सुरू झाल्यावर एकच जेमतेम हलायचा. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाबाहेर पाणी निघालं.

औषध म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, बहुधा ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, आणि जोडीला कोल्चिसिन. इटलीत 360 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2010) ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसापासून कोल्चिसिन दिलं, तेव्हा हा त्रास शंभरात एकवीसऐवजी नऊ जणांनाच झाला. गंमत म्हणजे हे द्रव्य आपल्या पावसाळी कळलावीतही असतं. नावासारखीच आहे ती! पण तिचा कंद जहाल विषारी, घरगुती प्रयोग अजिबात नको. गोळीनेही जुलाब होतात, मला झाले. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही. पिशवीत सूज असताना आत रक्तस्राव होण्याची भीती असते.

माझा मूर्खपणाही सांगतो. चार दिवसांत ताप गेला, म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. पंधरवड्यात सगळं परत, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) आधीपेक्षा चढा. मग तीन महिने निमूट कोल्चिसिन घेतलं. ताप गेला तरी सूज उतरली असं नसतं, सीआरपी बघूनच गोळ्या कमी करतात.

धाप वाढली, बीपी पडलं, मानेच्या शिरा टरारल्या, चक्कर आली, तर सकाळची वाट बघू नका, इमर्जन्सीत न्या. पिशवीतलं पाणी हृदयाला दाबत असेल तर ते सुईने काढावं लागतं.

टू-डी इको झाला असेल तर रिपोर्टात 'पेरिकार्डियल इफ्यूजन', म्हणजे पिशवीतलं पाणी, यापुढे किती मिलिमीटर लिहिलंय ते बघून ठेवा. पुढच्या इकोत डॉक्टर त्याच आकड्याशी ताडून बघतील.